विकलेल्या मालावर कुलूप कोणाचे?

सौदा पूर्ण केव्हा होतो? माल गिऱ्हाइकाच्या ताब्यात गेला, पैसे दुकानदाराच्या गल्ल्यात आले आणि दोघेही राजी राहिले, म्हणजे सौदा पूर्ण झाला असे आपण व्यापारी मानतो. कापडाचा तागा एकदा विकला की गिऱ्हाईक त्याचा सदरा शिवो, पडदे करो, की पेटीत घालून ठेवो. त्यावर आपला हक्क उरत नाही. परंतु गेल्या वीस-बावीस वर्षांत असा एक माल बाजारात रुळला आहे, ज्याचे पैसे पूर्ण घेतले जातात आणि किल्ली मात्र विकणाऱ्याच्याच खिशात राहते. तो माल म्हणजे कॉम्प्युटरवरील खेळ.

वाचक बांधव विचारतील, पोराटोरांच्या खेळाशी आपला काय संबंध? संबंध दोन प्रकारे आहे. पहिला असा की नकली मालाचा त्रास आपल्यालाही आहे. एखादा नमुना चालला की चार दिवसांत त्याची नकल बाजारात उतरते. नकलेला आवर घालण्यासाठी दुसऱ्या धंद्यातील लोकांनी काय केले आणि त्याचे फळ काय मिळाले, हे पाहणे फायद्याचे आहे. दुसरा संबंध अधिक जवळचा आहे. दुकानातील हिशेबाचा प्रोग्राम, भरतकामाचे किंवा जकार्डचे डिझाइन काढणारा प्रोग्राम आज आपण विकत घेतो. त्यांनाही याच जातीची कुलपे असतात. म्हणून हा विषय समजून घेऊ.

कुलूप आले कसे?

कॉम्प्युटरच्या मालाचा एक स्वभाव आहे. कापडाची नकल करायला सूत, रंग आणि माग लागतो. प्रोग्रामची नकल एका बटणावर होते आणि ती मूळ मालाइतकीच चांगली असते. त्यामुळे खेळ बनविणाऱ्या कंपन्यांना चोरीची भीती आरंभापासून आहे आणि ती खोटी नाही. शेकडो लोकांची काही वर्षांची मेहनत एका रात्रीत फुकट वाटली जाते.

आरंभीचे उपाय साधे होते. खेळ सुरू करताना कॉम्प्युटर विचारी, ‘सोबतच्या पुस्तिकेतील अमुक पानावरील अमुक शब्द सांगा.’ पुस्तिका जवळ असेल तोच पुढे जाई. काही खेळांसोबत पुठ्ठ्याची फिरती चकती मिळे. पुढे सीडी आली आणि मूळ सीडी यंत्रात असल्याशिवाय खेळ चालू न होण्याची व्यवस्था झाली. या सर्व उपायांत किल्ली गिऱ्हाइकाच्या घरात होती, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

सन २००३ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने ‘स्टीम’ नावाचा प्रोग्राम काढला. यालाच लाँचर म्हणतात. खेळ थेट सुरू होत नाही. आधी लाँचर उघडावा लागतो, त्यात आपले खाते असते आणि लाँचरने परवानगी दिली की खेळ चालतो. १६ नोव्हेंबर २००४ रोजी याच कंपनीचा ‘हाफ-लाइफ २’ हा खेळ आला. दुकानातून डबा विकत आणणाऱ्यालाही इंटरनेट जोडून स्टीमवर खाते उघडणे सक्तीचे होते. पहिल्या दिवशी कंपनीच्या यंत्रांवर एवढा ताण आला की पैसे भरलेल्या अनेकांना माल हातात असून तो वापरता येईना. किल्ली गिऱ्हाइकाच्या घरातून निघून कंपनीच्या घरी गेली ती येथे.

लाँचरचे फायदेही सांगितले पाहिजेत, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. सीडी हरवली, फुटली ही तक्रार संपली. कॉम्प्युटर बदलला तरी खेळ पुन्हा उतरवून घेता येतो. दुरुस्त्या आपोआप होतात. २०१५ पासून स्टीमवर खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळले असल्यास पैसे परत मिळण्याची सोय आहे. ही सोय लोकांना पटली म्हणूनच स्टीमचा धंदा वाढला. अडचण सोयीची नाही, सक्तीची आहे. पुढे इतर मोठ्या कंपन्यांनीही आपापले लाँचर काढले. आता काही खेळांना एका लाँचरमधून दुसरा लाँचर उघडावा लागतो, म्हणजे एका मालाला दोन चौकीदार.

कुलपाचा त्रास कोणाला?

आता काही उदाहरणे पाहू.

सप्टेंबर २००८ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने ‘स्पोअर’ हा खेळ आणला. शर्त अशी की एक प्रत तीनच कॉम्प्युटरवर चालू करता येईल. गिऱ्हाईक चिडले. ॲमेझॉनच्या दुकानात हजारोंच्या संख्येने लोकांनी सर्वात खालचा शेरा दिला आणि अमेरिकेत कोर्टात दावाही दाखल झाला. कंपनीने मर्यादा तीनवरून पाच केली. परंतु ज्यांना रोखण्यासाठी हे कुलूप होते, त्या चोरांनी कुलूप तोडलेली प्रत खेळ बाजारात येण्यापूर्वीच इंटरनेटवर पसरविली होती. पैसे देणाऱ्याला मर्यादा, न देणाऱ्याला मोकळीक!

मार्च २०१० मध्ये फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने ‘असॅसिन्स क्रीड २’ च्या कॉम्प्युटर आवृत्तीला आणखी कडक शर्त लावली. खेळ चालू असेपर्यंत इंटरनेट सतत जोडलेले पाहिजे. ते तुटले की खेळ थांबणार. त्याच महिन्यात कंपनीच्या सर्व्हरवर बाहेरून हल्ला झाला आणि पैसे भरलेले अनेक लोक खोळंबले. २०१२ मध्ये ही सततची अट सोडून दिल्याचे कंपनीने सांगितले.

मार्च २०१३ मध्ये ‘सिमसिटी’ आला. एकट्याने बसून शहर वसविण्याचा हा खेळ, पण त्यालाही सतत इंटरनेट हवे. पहिले काही दिवस सर्व्हर कोलमडले आणि ॲमेझॉनने त्याची डाउनलोड प्रत विकणे काही काळ थांबविले. कंपनीला गिऱ्हाइकांना समजावण्यासाठी एक खेळ फुकट द्यावा लागला. बरोबर वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, हाच खेळ इंटरनेटशिवाय चालू लागला.

या तिन्ही उदाहरणांत एकच गोष्ट दिसते. कुलूप तोडणारा ते एकदाच तोडतो आणि नंतर नकली प्रत वापरणाऱ्याला त्याचा त्रास उरत नाही. इमानदार गिऱ्हाईक मात्र ते कुलूप रोज उघडत बसतो.

कंपन्यांची बाजूही ऐकू. ऑस्ट्रियातील डेनुव्हो कंपनीचे कुलूप २०१४ मध्ये ‘फिफा १५’ पासून वापरात आले आणि त्याने अनेक खेळांची नकल काही काळ रोखून धरली. खेळाची मोठी विक्री पहिल्या काही आठवड्यांत होते, तेवढा काळ कुलूप टिकले तरी पुरे, असा त्यामागील हिशेब आहे. कापडवाल्याला हा हिशेब कळतो. सणाचा माल सणापूर्वीच विकला जातो. काही कंपन्या पुढे हे कुलूप स्वतःहून काढतात. मे २०१६ मध्ये आलेल्या ‘डूम’ या खेळाचे कुलूप त्याच वर्षी डिसेंबरात काढले गेले. कुलूप लावायचेच तर ते मुदतीचे असावे, हा त्यातील मध्यम मार्ग आहे.

किल्लीवालाच निघून गेला तर?

खरा धोका याहून पुढचा आहे. माल आपल्याकडे राहिला आणि किल्ली बाळगणारा निघून गेला, तर काय?

२०१५ मध्ये विंडोज १० आली. जुन्या सीडींवर ‘सेफडिस्क’ नावाचे कुलूप असे. त्या कुलपाला लागणारा भाग सुरक्षेस धोकादायक ठरला म्हणून तो नव्या विंडोजमध्ये ठेवला गेला नाही. परिणामी मूळ सीडी, मूळ डबा, मूळ बिल हाती असूनही कित्येक जुने खेळ सुरू होईनात. तसेच १ जानेवारी २०२४ पासून स्टीमने विंडोज ७ आणि ८ ला आधार देणे थांबविले. खेळ जुना, कॉम्प्युटर जुना आणि दोघांचे जमत असले तरी मधला चौकीदार तयार नाही.

सर्वात बोलके उदाहरण ‘द क्रू’ या मोटार शर्यतीच्या खेळाचे आहे. युबिसॉफ्टने तो डिसेंबर २०१४ मध्ये विकायला आणला. त्यात एकट्याने खेळण्याचा मोठा भाग होता, तरी तो कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालत नसे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद केले. पूर्ण किंमत भरलेल्या गिऱ्हाइकांच्या हाती काही उरले नाही. पुढे त्यांच्या खात्यांतून खेळाचा परवानाही काढून घेण्यात आला. कंपनीचे म्हणणे असे की गिऱ्हाइकाने खेळ विकत घेतलाच नव्हता, केवळ वापरण्याचा परवाना घेतला होता.

येथेच सर्व गाठ आहे. दुकानाच्या पाटीवर ‘विकत घ्या’ आणि बारीक अक्षरांच्या करारात ‘परवाना’. घर भाड्याने देणे गैर नाही आणि घर विकणेही गैर नाही. परंतु विक्रीची किंमत घेऊन भाड्याची चिठ्ठी हातात ठेवणे, हा सौदा साफ म्हणता येणार नाही.

यावर लोक गप्प बसले नाहीत. २०२४ मध्ये रॉस स्कॉट या अमेरिकन गृहस्थाने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ सुरू केली. सर्व्हर बंद करताना विकलेला खेळ चालण्याजोग्या अवस्थेत सोडावा, ही तिची मागणी. युरोपियन युनियनकडे करायच्या अर्जावर जुलै २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. डिजिटल माल केवळ परवाना म्हणून देणाऱ्याने ‘खरेदी’ हा शब्द वापरताना ती गोष्ट गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितली पाहिजे, असा तो कायदा आहे. जो माल कायमचा उतरवून इंटरनेटशिवाय वापरता येतो, त्याला ही अट नाही.

बाजारातून आलेला दुसरा मार्ग

पोलंड देशात १९९० च्या सुमारास कॉम्प्युटरचे नकली खेळ उघड्या बाजारात विकले जात. १९९४ मध्ये मार्चिन इविन्स्की आणि मिखाल किचिन्स्की या दोन तरुणांनी वॉर्सा शहरात ‘सीडी प्रोजेक्ट’ ही कंपनी काढली. त्यांची टक्कर फुटपाथवरील नकली मालाशी होती. त्यांनी विचार केला, नकल करणारा जे देऊ शकत नाही ते आपण द्यावे. १९९९ मध्ये त्यांनी ‘बाल्डर्स गेट’ हा खेळ पोलिश भाषेत आणला; डब्यात नकाशा, पुस्तिका आणि संगीताची सीडी घातली. भाव नकली मालापेक्षा अधिक होता, तरी पहिल्याच दिवशी सुमारे १८ हजार प्रती गेल्या.

याच लोकांनी २००८ मध्ये ‘जीओजी’ हे इंटरनेटवरील दुकान उघडले. तेथील खेळांना नकल रोखणारे कुलूप नसते. गिऱ्हाईक माल उतरवून आपल्या कपाटात ठेवू शकतो. त्यांचा स्वतःचा ‘द विचर ३’ हा खेळ मे २०१५ मध्ये जीओजीवर पहिल्या दिवसापासून बिनकुलपाचा विकला गेला. सर्व प्रकारच्या यंत्रांवर मिळून त्याच्या पाच कोटींहून अधिक प्रती खपल्याचे कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केले. कुलूप नव्हते म्हणून तो खपला, असे आम्ही म्हणणार नाही. माल उत्तम होता म्हणून खपला. परंतु कुलूप नसल्याने धंदा बुडतो, ही भीती मात्र त्याने खोटी ठरविली.

आपण काय ध्यानात ठेवावे?

दुकानासाठी किंवा कारखान्यासाठी कोणताही प्रोग्राम घेताना पैसे देण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारावेत आणि उत्तरे बिलावर किंवा कागदावर लिहून घ्यावीत.

१) ही कायमची खरेदी आहे की मुदतीचा परवाना? मुदत किती?

२) इंटरनेट बंद असता प्रोग्राम चालतो का, आणि किती दिवस?

३) कॉम्प्युटर बिघडला किंवा बदलला तर नव्या यंत्रावर पुन्हा चालू करून मिळेल का? त्याचे पैसे किती?

४) कुलूप डोंगलचे असेल, तर तो हरवल्यास किंवा जळाल्यास दुसरा कोणत्या भावाने मिळेल?

५) वर्गणी थांबविली किंवा कंपनी बंद पडली, तर आपला हिशेब आणि आपली डिझाइने बाहेर काढता येतील का, आणि ती दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडतील का?

पाचवा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. प्रोग्राम त्यांचा असेल, पण आतील हिशेब आणि नमुने आपले आहेत. त्यांची प्रत दर आठवड्याला वेगळी काढून ठेवावी.

आणि कुलुपाला कंटाळून चोरीचा प्रोग्राम वापरणे हा मार्ग नाही. आपल्या देशाच्या कॉपीराइट कायद्यात, कलम ६३ ब प्रमाणे, जाणूनबुजून नकली प्रोग्राम वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणे हाही २०१२ च्या दुरुस्तीपासून गुन्हा आहे. त्याच कायद्याने कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला एक हक्कही दिला आहे: प्रत हरवू किंवा बिघडू नये म्हणून तो प्रोग्रामची राखीव प्रत करून ठेवू शकतो. आपली जबाबदारी आणि आपला हक्क, दोन्ही माहीत असावेत.

विकणारा म्हणूनही आपल्याला यातून शिकता येते. चोराच्या रागाने असा नियम करू नये की ज्याची झळ केवळ रोख पैसे मोजणाऱ्याला लागेल. नकली माल देऊ शकत नाही ते आपल्या मालात असावे: पक्का रंग, पूर्ण माप, बदलून देण्याची तयारी आणि चोख बिल. आणि माल भाड्याने द्यायचा असेल तर तोंडाने भाडे म्हणावे, विकायचा असेल तर किल्लीसकट विकावा.