देवदाराची मोजणी

हिमाचल प्रदेशाच्या डोंगरांत सुमारे १,८०० ते २,६०० मीटर उंचीवर देवदाराची दाट अरण्ये आहेत. सुईसारखी पाने, शंकूसारखी फळे आणि सुगंधी, टिकाऊ लाकूड यांमुळे हा वृक्ष पूर्वापार प्रसिद्ध आहे. मात्र हा टिकाऊपणाच एकेकाळी त्याच्या मुळावर आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर हिंदुस्थानात लोहमार्ग पसरू लागले. रुळांखाली घालावयाच्या स्लीपरांसाठी देवदार तोडीत, त्याचे लाकूड सतलज, यमुना यांसारख्या नद्यांच्या प्रवाहात सोडीत आणि खाली मैदानात अडवून घेत. अरण्यात लाकूड आहे किती आणि दरवर्षी नवे तयार होते किती, याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. ज्या वृक्षाला पक्व होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागतात, तो पाडण्यास एक दिवसही पुरे होतो!

हिशेबावाचून तोड करू नये, असा आग्रह धरणाऱ्यांत डिट्रिख ब्रँडिस हे प्रमुख होते. १८६४ साली ते हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. त्यापूर्वी, १८५६ पासून, ब्रह्मदेशातील सागवानाची अरण्ये त्यांच्याकडे होती. तेथे ते हत्तीवर बसून रान तुडवीत. त्यांच्या एका हातात चार काठ्या असत, दुसऱ्या हातात चाकू. वाटेजवळ सागाचे झाड दिसले, की त्याच्या जाडीप्रमाणे चारांपैकी एका काठीवर ते खाच पाडीत. त्या ओल्या रानात वहीचा कागद टिकला नसता. काठीवरच्या खाचा मात्र टिकल्या.

आता एका देवदाराची मोजणी कशी करतात ते पाहू. बुंध्याशी मुळांमुळे खोड फुगलेले असते. म्हणून घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे मोठ्या माणसाच्या छातीपाशी घेतात. उतारावर हे अंतर झाडाच्या चढाकडील बाजूने मोजावयाचे, असा नियम आहे. तो पाळला नाही, तर दोन माणसांची मापे कधीच जुळणार नाहीत. उंचीसाठी झाडावर चढावे लागत नाही. झाडाचा बुंधा ज्या पातळीवर आहे, त्याच पातळीवर आडवे चालत जावे. शेंडा ४५ अंशांच्या कोनात दिसू लागला, की थांबावे. तेथून झाडापर्यंतचे अंतर अधिक डोळ्यांची उंची, इतकी झाडाची उंची असते. भूमितीच्या तासाला शिकलेला समद्विभुज काटकोन त्रिकोण येथे कामास येतो.

पाडलेल्या ओंडक्याचे माप घेण्याची एक जुनी रीत आहे. मध्यभागच्या घेराचा चौथा हिस्सा घ्यावा, त्याचा वर्ग करावा व त्यास लांबीने गुणावे. मध्यभागी १६० सेंटिमीटर घेर असलेल्या, २० मीटर लांबीच्या ओंडक्याचे माप या रीतीने ३.२ घनमीटर येते. वर्तुळाच्या सूत्राने मात्र ते ४ घनमीटरांहून थोडे अधिक भरते. जुनी रीत चुकीची आहे काय? नाही. गोल ओंडका करवतीने चौरस करताना कडेच्या फळकुटांत बरेच लाकूड वाया जाते. ते तिने आधीच वजा केलेले असते.

झाड किती आहे हे कळले. पण ते वाढते किती? सालीच्या आत जिवंत पेशींचा पातळ थर असतो. तो दरवर्षी लाकडाचे एक नवे वलय चढवितो. पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीहून बारीक कांडी काढली, की झाड न तोडता ही वलये मोजता येतात. मात्र येथे नजर फसण्याचा संभव असतो. २० सेंटिमीटर व्यासाच्या आणि ६० सेंटिमीटर व्यासाच्या खोडांवर सारख्याच जाडीचे वलय चढले, तर मोठ्या खोडावर चढलेले लाकूड जवळजवळ तिप्पट असते. म्हणून बारीक वलये पाहून ‘हे झाड आता वाढत नाही’ असे म्हणणारा मनुष्य चांगला वृक्ष अकाली तोडून बसेल.

एका झाडावरून अरण्य कळत नाही. त्यासाठी रानाचे काही तुकडे कायमचे राखून ठेवतात. त्यांतील प्रत्येक झाडाला क्रमांक देतात, माप घ्यावयाच्या जागी रंगाची खूण करतात व ठरावीक वर्षांनी पुन्हा मोजतात. वाऱ्याने पडलेली, रोगाने वाळलेली झाडे वजा होतात. उरते ती खरी वाढ. तेवढीच तोड अरण्याला सोसते. देवदाराच्या बाबतीत हे काम एका माणसाच्या हयातीत पुरे होत नाही. पहिला आकडा लिहिणाऱ्याच्या वहीत शेवटचा आकडा दुसराच कोणी लिहितो.

१९८१ साली उत्तर प्रदेशाच्या पहाडी भागात, म्हणजे आजच्या उत्तराखंडात, १,००० मीटरांहून अधिक उंचीवरील हिरव्या झाडांची व्यापारी तोड बंद करण्यात आली. तरी मोजणी संपली नाही. सुक्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो. त्यामुळे अरण्याने हवेतील किती कार्बन साठविला, हे याच मापांवरून काढतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी हिमालयातील देवदारांच्या कांड्या अभ्यासिल्या आहेत. पावसाळ्यापूर्वीचे महिने कडक उन्हाचे व कोरडे गेले, की त्या वर्षीचे वलय बहुधा बारीक उमटते. पर्जन्यमापक यंत्रे बसण्यापूर्वीच्या शतकांतील अवर्षणांचा माग हे शास्त्रज्ञ त्या वलयांवरून काढतात.