ब्रेकचे पेडल मऊ का लागते?

घाट उतरताना जीपचे ब्रेक-पेडल स्पंजासारखे मऊ लागले, तर चालकाच्या छातीत धस्स होते. असे का होते?

सुई नसलेल्या सिरिंजमध्ये बुडबुडा न ठेवता पाणी भरा आणि तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबा. तो हलत नाही. आता थोडी हवा आत घेऊन पाहा. दट्ट्या आत सरकतो!

पास्कलच्या नियमाप्रमाणे पायाचा दाब चाकांपर्यंत नेणारे ब्रेक-ऑइलही पाण्यासारखेच सहसा दबत नाही. नळीत हवा शिरली, की पेडलची हालचाल ती हवा दाबण्यातच खर्ची पडते.

पेडल भराभर दाबल्यावर कडक झाले, तर हवेचा संशय घ्यावा. दाबून धरल्यावर हळूहळू खाली जाऊ लागले, तर गळतीचा. कारण कोणतेही असो, दुरुस्तीपूर्वी गाडी रस्त्यावर नेऊ नये.