गोडाला त्याचा दिवस द्या

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही वाडीत जा. पडवीत पाय ठेवला की आतून हाक येते, "या, बसा. चाय घ्या." नको म्हटले तरी ऐकतो कोण? "अवो, घोटभर तरी घ्या!" मग चहा येतो. त्यात दोन चमचे साखर असतेच. साखर कमी पडली तर घरच्या बाईला लाजल्यासारखे होते. पाहुण्याचा मान राहिला नाही असे तिला वाटते.

आपण सगळेच गोडाला मान देतो. कोणी चांगले बोलला की म्हणतो, "तुझ्या तोंडात साखर पडो." संक्रांतीला तीळगूळ वाटतो. साखरपुडा झाला की लग्न ठरले असे समजतो.

मग साखर कमी करा, असे आम्ही या धड्यात का सांगतो? साखर वाईट आहे म्हणून नव्हे. गोड हे सणाचे होते, ते रोजचे झाले म्हणून.

१. गोडाचे दिवस ठरलेले होते

आपल्या आज्या-पणज्यांचे गोड आठवा. नागपंचमीला पातोळे. गणपतीला मोदक. गौरीला घावन-घाटले. दिवाळीला गोडे पोहे. शिमग्याला पुरणपोळी. प्रत्येक गोडाला त्याचा दिवस होता. म्हणूनच पोरे त्या दिवसाची वाट पाहत.

रोज गोड करायचे म्हटले तरी ते जमण्यासारखे नव्हते. आपल्याकडे भात पिकतो, नाचणी पिकते, आंबा-काजू होतो. उसाचे मोठे मळे घाटावर. गूळ कोल्हापूरकडून घाट उतरून येई. तो पैसे मोजून घ्यावा लागे. म्हणून जपून वापरीत. उन्हातून आलेल्या माणसाला गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी देत. तेवढ्यात त्याचा मान होई.

चहा मागाहून आला. इंग्रजी अमलात चहाचा खप वाढावा म्हणून चहावाल्यांनी मोठी खटपट केली. १९३० नंतरच्या वर्षांत बाजारात आणि जत्रेत फुकट चहा करून पाजीत. मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या चाकरमान्यांबरोबर मुंबईच्या सवयीही गावी आल्या.

पुढे साखरही मुबलक झाली. १९५० साली नगर जिल्ह्यात प्रवरानगर येथे शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी त्यासाठी कष्ट घेतले. त्यानंतर महाराष्ट्रात असे पुष्कळ कारखाने निघाले. ऊस लावणाऱ्यांचे संसार उभे राहिले. ही चांगलीच गोष्ट झाली.

आता साखर वाडीतल्या दुकानात बारा महिने मिळते. पण आपले पोट आणि आपले रक्त मात्र पूर्वीचेच आहे. ते बदललेले नाही.

२. एका दिवसाचा हिशेब

"एका चमच्याने काय होते हो?" असे आपण म्हणतो. तर मग हिशेबच करू.

चहाचा एक सपाट चमचा साखर म्हणजे सुमारे ५ ग्रॅम. आता एक माणूस धरा. तो दिवसातून चार वेळा चहा घेतो. दर कपात दोन चमचे साखर. हे झाले ८ चमचे. चहाबरोबर चार बिस्किटे खाल्ली. त्यांत सुमारे १ चमचा साखर आली. दुपारी स्टँडवर पाव लिटर थंड पेयाची बाटली प्याला. अशा पुष्कळ बाटल्यांत ५ चमचे साखर असते. बेरीज करा: ८ आणि १ आणि ५. झाले १४ चमचे. म्हणजे ७० ग्रॅम.

आणि या दिवशी त्याने 'गोड' असे काहीच खाल्ले नाही! सण नव्हता, जेवणात पक्वान्न नव्हते.

किती साखर चालते? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की मोठ्या माणसाने दिवसाला ५० ग्रॅमच्या आत राहावे. २५ ग्रॅमच्या आत राहिला तर अधिक चांगले. हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. आपल्या देशातल्या लोकांनी काय खावे, याचा अभ्यास ती करते. तिनेही २०२४ साली २५ ते ३० ग्रॅम हीच मर्यादा सांगितली. म्हणजे दिवसाला पाच-सहा चमचे. आपला माणूस घेतो चौदा.

आता नुसत्या चहाचा वर्षाचा हिशेब पाहा. रोज ८ चमचे म्हणजे ४० ग्रॅम. वर्षाला १४ किलो ६०० ग्रॅम. एका माणसाची! घरात अशी पाच मोठी माणसे असली तर ७३ किलो. प्रत्येकाने कपात दोनऐवजी एकच चमचा घातला तर घरात वर्षाला ३६ किलोहून जास्त साखर वाचते. शरीराचे भले होते ते वेगळेच.

३. साखर अंगात गेली की

भात, भाकरी, पोळी यांतूनही शरीराला साखर मिळते. पण ती हळूहळू मिळते. शिवाय भाकरीबरोबर इतर सत्त्वेही पोटात जातात. नुसत्या साखरेत सत्त्व नाही. चुलीत घातलेल्या कागदासारखी ती भसकन पेटते आणि विझते. जी खर्ची पडत नाही, तिची चरबी होते. पोट सुटते. यकृतावरही चरबी साचते.

दातांचे पाहा. तोंडात बारीक जंतू असतात. दाताला चिकटलेल्या साखरेवर ते जगतात आणि आम्ल तयार करतात. ते आम्ल दात पोखरते. आपण त्याला दात किडणे म्हणतो. पोरांना दिवसभर गोळ्या-चॉकलेट दिली तर जंतूंना दिवसभर जेवण मिळते.

आता मधुमेहाचे. जेवलो की साखर रक्तात येते. तिला रक्तातून शरीराच्या कणाकणात नेण्यासाठी इन्सुलिन नावाचा रस लागतो. तो पोटातल्या स्वादुपिंडात तयार होतो. इन्सुलिन म्हणजे जणू किल्ली. किल्ली कमी पडली, किंवा कुलूप गंजून किल्ली लागेनाशी झाली, की साखर रक्तातच राहते. हाच मधुमेह. साखर खाल्ली की लगेच मधुमेह होतो असे नाही. आई-बापाला असला, पोट सुटले, अंगमेहनत कमी झाली, तर तो होण्याचा धोका वाढतो. आणि रोजची जास्त साखर पोट सुटायला मदत करते.

हा शहरातल्या श्रीमंतांचा रोग, असे पूर्वी म्हणत. आता तसे राहिले नाही. देशभर केलेली एक मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असे तिच्यात दिसले.

हा रोग गुपचूप येतो. फार तहान लागते. लघवीला सारखे जावे लागते. थकवा येतो. नजर धूसर होते. जखम लवकर भरत नाही. तळपाय बधिर होतात. शेतकऱ्याला हे शेवटचे फार महाग पडते. लावणीच्या चिखलात अनवाणी उभे राहायचे. काटा रुतला, शिंपला लागला, तरी कळत नाही. जखम चिघळते. वेळेवर उपचार झाले नाहीत तर पाय कापावा लागतो. ज्या पायांवर घर उभे आहे, तोच पाय जातो.

म्हणून तीस वर्षांच्या वरच्या प्रत्येकाने आरोग्य उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. गावातल्या आशाताईंना विचारा.

४. गूळ, आंबा आणि कोकम

"आम्ही साखर नाही खात, गूळ खातो," असे काही जण सांगतात. गुळात थोडे लोह आणि क्षार असतात हे खरे. पण गुळाचा बराचसा भाग साखरच आहे. मधाचेही तसेच. चमचे मोजताना गूळ आणि मधही मोजा.

आंबा खाऊ नये काय? खावा. अख्ख्या फळात साखरेबरोबर चोथा असतो, सत्त्वे असतात. ती साखर वरच्या पाच चमच्यांत धरायची नाही. पण रायवळ असो की हापूस, आमरसात वरून साखर कशाला? आंबावडीत तर घातलेली साखर पुष्कळ असते. ती सणासारखी खावी. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी आंबा किती खावा, ते डॉक्टरांना विचारावे.

कोकमाची गंमत पाहा. झाड एकच. पण घरात त्याच्या दोन बरण्या असतात. एका बरणीत सालींवर साखरेचे थर देऊन ती उन्हात ठेवतात. ते अमृत कोकम. दुसऱ्या बरणीत रतांब्याचा रस मीठ घालून ठेवतात. ते आगळ. पहिल्या बरणीतले सरबत पाहुणचाराचे. दुसऱ्या बरणीतून रोजची सोलकढी होते. आपल्या वाडवडिलांनी रोजचे आणि पाहुणचाराचे असे वेगळे ठेवलेच होते. मात्र आगळात मीठ असते. ज्यांचा रक्तदाब जास्त आहे, त्यांनी ते बेताने घ्यावे.

५. कमी कशी करायची?

एकदम सोडू नका. एकदम सोडलेली सवय आठ दिवसांत परत येते. दोन चमचे घेत असाल तर पहिला पंधरवडा दीड घ्या. मग एक. मग अर्धा. जिभेला सवय लागते. दोन-तीन महिन्यांनी पूर्वीचा चहा तोंडात घ्या. "अरे बापरे, हा पाक आहे की चहा?" असे तुम्हीच म्हणाल.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. आपल्याकडे साखर पातेल्यातच टाकतात. चहाबरोबर ती उकळते. मग पिणाऱ्याला आपल्यापुरती कमी करता येत नाही. आजारी आजोबा आणि धावणारा नातू, दोघांना एकच चहा. म्हणून साखर पातेल्यात टाकू नका. बिनसाखरेचा चहा गाळा. साखरेचा डबा जवळ ठेवा. पाहुण्याला विचारा, "साखर किती घालू?"

यात पाहुण्याचा अपमान नाही. उलट मान आहे. त्याला काय सोसते, हे तुम्ही विचारले. मधुमेह असलेला पाहुणा भिडेखातर गोड चहा पितो आणि घरी जाऊन त्रास भोगतो. तुम्ही विचारलेत तर त्याची सुटका होते.

चहात आले किसून टाका. परसात गवती चहा असेल तर त्याची पात टाका. चव येते, साखर कमी लागते. तहान लागली तर पाणी प्या. ताक प्या. लहान मुलांना चहाची सवयच लावू नका. मुंबईहून येणाऱ्यांना सांगा, "पोरांना बिस्किटांचे पुडे नको. चणे, शेंगदाणे आणा."

आणि आता तुम्हाला वाचता येते. त्याचा उपयोग करा. खाऊच्या पुड्यावर आत काय काय आहे ते बारीक अक्षरांत लिहिलेले असते. जे जास्त, त्याचे नाव आधी. साखरेचे नाव पहिले-दुसरे असेल तर समजा, तो पुडा गोडाचाच. मजकूर इंग्रजीत असेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या.

हे काम एकट्या घरच्या बाईवर टाकू नका. पुरुषांनी स्वतःच म्हणावे, "मला एकच चमचा."

६. साखर लागते तेव्हा

दोन वेळा साखर कामाची असते. मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला कधी कधी एकदम घाम येतो, हात थरथरतात, गरगरते. रक्तातली साखर फार उतरलेली असते. तो शुद्धीवर असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या.

दुसरी वेळ जुलाबाची. जलसंजीवनीचे पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवा. ते थोडे थोडे पाजा आणि दवाखाना गाठा.

ध्यानात ठेवा

दिवसाला पाच-सहा चमच्यांहून जास्त साखर नको.
गूळ आणि मध हेही साखरेतच मोजावे.
साखर पातेल्यात टाकू नये, कपात घालावी.
तिशीनंतर रक्त तपासून घ्यावे.
मोदक गणपतीत पोटभर आनंदाने खावा. रोजचा दिवस मात्र साधा ठेवावा.

प्रश्न

१. चहाच्या एका सपाट चमच्यात किती ग्रॅम साखर मावते?
२. अमृत कोकम आणि आगळ यांत फरक काय?
३. साखर पातेल्यात का टाकू नये?

करून पाहा

काल तुम्ही किती चमचे साखर घेतली, ते वहीत लिहा. तुमच्या घरात महिन्याला किती किलो साखर लागते, तेही लिहा. त्या आकड्याला दुकानातल्या आजच्या भावाने गुणा. अर्धी साखर कमी केली तर किती रुपये वाचतील? त्या रुपयांत महिन्याला किती अंडी किंवा किती शेर कुळीथ येतील? घरातल्या सगळ्यांना तो आकडा वाचून दाखवा.