उटीची बाग आणि निलगिरीचे झाड
मेट्टुपाळैयमहून सकाळी निघणारी आगगाडी दातेरी रुळाच्या आधाराने ४६ किलोमीटरचा मार्ग सुमारे पाच तासांत चढते. त्यामुळे एका दिवसाच्या प्रवाशाच्या वाट्यास उटीचा जेमतेम एक प्रहर येतो. तो वनस्पती उद्यानास द्यावा. १८४८ साली विल्यम मॅकआयव्हर यांच्या हाती आलेल्या या बागेचे मूळ फुलांत नव्हे, युरोपीय रहिवाशांना रास्त दरात भाजीपाला पुरविण्याच्या खटपटीत आहे. हिरवळ मोहक खरी. परंतु खरा पाठ बागेबाहेर आहे. मराठीत ज्याला या पर्वताचेच नाव मिळाले, ते निलगिरीचे झाड मूळचे ऑस्ट्रेलियाचे. त्याच्या व वॅटलच्या लागवडीखाली येथील गवताळ कुरणांचा मोठा भाग गेला. पावसाचे पाणी धरून ओढे वाहते ठेवणारी कुरणे ती हीच. वाहनांची गर्दी आवरण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ मध्ये ई-पास लागू झाला. गेलेल्या कुरणांना असा परवाना कोणी विचारला नव्हता.