पाण्याखालचा घाव

'खुकरी' ही भारतीय युद्धनौका शत्रूच्या पाणबुडीचा माग काढण्यासाठी मुंबईहून निघाली होती. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापलीकडे तीच पाणतीराला बळी पडली आणि काही मिनिटांतच बुडाली. 18 अधिकारी व 176 खलाशी तिच्यासह गेले.

पाण्याखालच्या स्फोटात एवढे सामर्थ्य कोठून येते? हवा सहज दाबली जाते. पाणी जवळजवळ दाबले जात नाही. त्यामुळे स्फोटाचा आघात पाण्यातून सेकंदाला सुमारे 1500 मीटर वेगाने नौकेच्या तळावर आदळतो. मागोमाग तप्त वायूचा प्रचंड बुडबुडा फुगतो, पाण्याच्या दाबाने आक्रसतो, पुन्हा फुगतो. त्या प्रत्येक हेलकाव्यासरशी नौकेचा कणा वाकतो.

स्फोट नौकेला न भिडताही घातक ठरतो. नोव्हेंबर 1939 मध्ये 'बेलफास्ट' या ब्रिटिश युद्धनौकेखाली पाणसुरुंग फुटला. तळाला पडलेले छिद्र लहानच होते. पण आतील यंत्रे मोडली आणि कणा सुमारे साडेसात सेंटिमीटर वर उचलला गेला. ती सेवेत परतण्यास तीन वर्षे लागली! नौका तरंगत राहिली, तरी लढण्यास निरुपयोगी झाली, हे अशा अनुभवांतून जहाजबांधणी करणाऱ्यांना उमगले.

तेव्हापासून ठिसूळ बिडाचे भाग टाळले जाऊ लागले, यंत्रांखाली रबराच्या व स्प्रिंगच्या बैठकी आल्या. अशा बैठकींवरील यंत्रांना आधी जमिनीवरच जबर हादरे देऊन पारखतात. भारतात हे काम विशाखापट्टणमच्या नौदल विज्ञान व तंत्रज्ञान प्रयोगशाळेत चालते.

तथापि सुटी यंत्रे टिकली म्हणून संपूर्ण नौका टिकेलच असे नाही. हजारो नळ्या, तारा आणि जोड एकाच क्षणी हादरतात, तेव्हा काय निखळेल हे गणिताने पूर्णपणे सांगता येत नाही. म्हणून 2021 च्या उन्हाळ्यात अमेरिकेने 'जेराल्ड आर. फोर्ड' ही आपली नवी विमानवाहू नौका फ्लॉरिडाच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात नेली आणि खलाशी आत असतानाच तिच्याजवळ तीन स्फोट घडवले. प्रत्येक स्फोटासाठी सुमारे 18 टन स्फोटके वापरली होती. पहिल्याच स्फोटाची नोंद भूकंपमापकांवर 3.9 तीव्रतेची झाली. पुढचा प्रत्येक स्फोट आधीच्याहून नौकेच्या अधिक जवळ घडवण्यात आला. ऑगस्टमध्ये तिसरा स्फोट आटोपल्यावर नौका तपासणी व दुरुस्तीसाठी जहाजबांधणी कारखान्यात परत नेण्यात आली.