सगळं तुम्हीच का वाचून दाखवता?

आई-बाबांनो, डॉक्टरांनी निदान सांगितलं त्या दिवसाबद्दल मी काही बोलणार नाही. ते दुःख तुमचं आहे. अंध आणि अल्पदृष्टी मुलांना शिकवणारी बाई म्हणून मला बोलायचंय ते त्यानंतरच्या रोजच्या दिवसांबद्दल.

अल्पदृष्टी असलेल्या पोराची घरात दुहेरी पंचाईत होते. अंगणातलं मांजर दिसतं, फळ्यावरचं गणित दिसत नाही, मग आजी म्हणते, "ह्याला सोयीपुरतं दिसतं!" नाही हो आजी. नजर 6/18 म्हणजे इतरांना अठरा मीटरवरून वाचता येणारं अक्षर वाचायला ह्याला सहा मीटरवर यावं लागतं, तेही चष्मा लावून. त्यात काहींच्या नजरेचा घेर आक्रसलेला असतो. भर उन्हात डोळे दिपतात, दिवेलागणीला जिना चुकतो. एकाच मुलाला सकाळी दिसलेलं संध्याकाळी दिसेल असं नाही.

आधी ताटाकडे बघा. चकचकीत स्टीलचं ताट, त्यावर ट्यूबलाइटची तिरीप, त्यात पांढरा भात आणि दही. पोर चाचपडतं, भात सांडतो आणि आई घास भरवायला लागते. आठव्या वर्षी! भाताला गडद रंगाची ताटली घ्या. चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे ही आपली पंगतीची रीत इथे फार कामाची. ती रोज पाळा. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवा. सांडू दे चार दिवस, पण जेवू दे त्याचं त्याला.

आता शाळा. गृहपाठ व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येतो, बहुतेकदा बाईंच्या हस्ताक्षराचा फोटो. तुम्ही तो वाचून दाखवता, मूल लिहून घेतं. तुमचं प्रेम मला कळतं. पण तोच गृहपाठ बाईंनी टाइप करून पाठवला, तर तुमच्याच मोबाइलमधलं टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय, तो मोठ्याने वाचतं. ज्याला थोडं दिसतं तो अक्षर मोठं करून वाचतो. हाताने लिहिलेल्या फोटोपुढे टॉकबॅकची धांदल उडते. रॅम्प बांधला, ब्रेल पाटी लावली की शाळा सुगम झाली असं समजणारे पुष्कळ आहेत. माझी कसोटी साधी आहे: दिलेलं काम मुलाला स्वतःचं स्वतः, वर्गातल्या इतरांच्या बरोबरीने करता आलं का?

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिकून पुढे त्या आयएएस झाल्या. त्यांचं नाव मुलांना ऊठसूट ऐकवलं जातं, तेही बहुधा टोमण्यासारखं. जिद्द होतीच, पण स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही हाताशी होतं, हे कुणी सांगत नाही. तसलं एनव्हीडीए संगणकावर फुकट मिळतं. पाचवी-सहावीपासून हात बसू द्या. आणि नजर उतरत जाणार असं डॉक्टर म्हणाले असतील, तर ब्रेलही आत्ताच सुरू करा. पांढऱ्या काठीचंही तेच. "लोक बघतील" म्हणून काठी कपाटात ठेवणारे पालक मी पाहिलेत. लोक बघू देत, बाजूला तरी होतील.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा अधिक असेल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वयापर्यंतचं शिक्षण मोफत आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, काढून ठेवा. परीक्षेला लेखनिक आणि तासामागे वीस मिनिटं जादा मिळतात, पण अर्ज आधी करावा लागतो. दहावीच्या तोंडावर धावपळ नको. लेखनिकाला सांगून लिहून घेण्याचा सरावही हवाच, नुसत्या पाठांतराने भागत नाही. आणि हे मागताना "मेहरबानी करा" म्हणू नका.

येत्या पालकसभेत बाकी काही नाही मागितलं तरी चालेल. एवढंच सांगा: बाई, गृहपाठाचा फोटो नको, टाइप करून पाठवा.