शेजारीण हीच शाळा

मंडळी, काठावर बसून कोणी पोहायला शिकलेला तुम्ही पाहिला आहे काय? हात कसे मारावे, पाय कसे हलवावे, हे कोणी कितीही समजावून सांगो. विहिरीत उतरल्यावाचून पोहणे येत नाही. पहिल्या दिवशी नाकातोंडात पाणी जाते. कमरेला भोपळा बांधावा लागतो. काठावरची पोरे हसतात. पण आठ दिवसांत भोपळा सुटतो, आणि हसणारेच म्हणतात, "अरे, याला तर चांगलं येतंय की!"

परक्या भाषेचेही असेच आहे. वर्गात शब्द मिळतात. पण भाषा येते ती माणसांत बोलून. ती कशी येते, हे या धड्यात पाहू.

कुपवाडची गोष्ट

आधी आपल्या मुलखातले उदाहरण घेऊ. सांगलीजवळ कुपवाड नावाचे गाव आहे. आज ते सांगली-मिरजेच्या महानगरपालिकेत आहे. पूर्वी ते शेतकऱ्यांचे साधे खेडे होते. या गावात कोणाच्या घरी कानडी बोलत, कोणाच्या घरी मराठी, तर कोणाच्या घरी उर्दू. थोडी घरे तेलुगू बोलणारीही होती. पण बांधावर, बाजारात, पारावर सगळ्यांना एकमेकांशी बोलावे लागे. त्यामुळे घरची भाषा एक आणि बाहेरची दुसरी, अशा दोन-दोन, तीन-तीन भाषा पुष्कळांना सहज येत.

जॉन गंपर्झ नावाचे अमेरिकेतील एक भाषापंडित होते. त्यांनी आणि त्यांच्या एका सोबत्याने या गावच्या बोलण्याचा अभ्यास केला. तो १९७१ साली छापून आला. त्यांना काय दिसले? शेकडो वर्षे शेजारी राहून या भाषांची वाक्ये एकाच साच्यात बसली होती. शब्द वेगळे, पण वाक्याची ठेवण एक! हे कोणत्या मास्तरांनी शिकवले? कोणीच नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याला शिकवले.

विलायतेतील आपली माणसे

आता दूर जाऊ. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. त्यानंतर इंग्लंडात कामाला माणसे कमी पडू लागली. तेव्हा पंजाबातून, गुजरातेतून, पाकिस्तानातून हजारो माणसे तिकडे गेली. कोणी कापडगिरणीत लागला, कोणी ओतकामाच्या कारखान्यात, कोणी बसगाडीवर. पुढे १९७२ च्या ऑगस्ट महिन्यात आफ्रिकेतील युगांडा देशाचे सत्ताधीश इदी अमीन यांनी तेथील आशियाई लोकांना हुकूम केला : नव्वद दिवसांत देश सोडा. त्यांतले सुमारे अठ्ठावीस हजार लोक इंग्लंडला आले. लेस्टर शहरात त्यांतल्या पुष्कळांनी नवे घर मांडले.

तुम्ही म्हणाल, इंग्लंडात राहिले म्हणजे इंग्रजी आपोआप येत असेल. पण तसे झाले नाही. गिरणीत रात्रपाळीला बहुधा एकाच मुलखाची माणसे असत. शेजारच्या यंत्रावर गाववाला, जेवायला सोबत गाववाला, राहायला एकाच खोलीत गाववाले. इंग्रजी बोलायचे कोणाशी? मुकादमाचा हुकूम एकजण समजून घेई आणि बाकीच्यांना सांगे. दहा दहा वर्षे अशी गेली, तरी तोंडून इंग्रजीचे वाक्य फुटेना.

याचा तोटा कसा होतो, पाहा. ज्याला भाषा येते, त्याच्या हाती सगळ्यांची नाडी. तो सांगेल ते खरे. नोकरी लावून देतो, साहेबाला सांगून जागा बदलून देतो, असे म्हणून काही ठिकाणी हे मधले लोक आपल्याच भावांकडून पैसे उकळीत. अंगठा उठवणाऱ्याला सावकार कसा फसवीत असे, ते आपल्याला माहीत आहे. ही त्याचीच दुसरी तऱ्हा.

आईच्या दुखण्याला लेकरू दुभाषी

बायांची अडचण याहून मोठी. समजा, एक सून नवऱ्यामागे इंग्लंडला गेली आहे. नवरा रात्रपाळी करून दिवसा झोपतो. घरात दोन लहान मुले. बाहेर थंडी. वर्ग आहे तो बसने जाण्याच्या अंतरावर, आणि मुलांना ठेवायचे कोणाकडे? चार भिंतींत वर्ष जाते.

एके दिवशी तिच्या पोटात दुखू लागते. दुखणे बायकांचे आहे. डॉक्टरला सांगायचे कसे? मग नऊ वर्षांच्या मुलाला शाळेतून काढून बरोबर नेतात. आईने आपले दुखणे लेकराला सांगायचे आणि लेकराने ते डॉक्टरला! जे नवऱ्याला सांगायलाही जीभ रेटत नाही, ते मुलाच्या तोंडून वदवायचे. ती लाजेने निम्मे सांगते. मुलाला त्यातले निम्मे कळते. डॉक्टरच्या कानी उरते पाव. औषध कशावर द्यायचे?

ही गोष्ट आम्ही बनवून सांगितली आहे. पण असे प्रसंग तिकडे असंख्य घरांत घडले आहेत. आज तेथील सरकारी दवाखान्यात दुभाषी मागता येतो. तरीही आपले दुखणे आपल्या तोंडाने सांगता येणे, याला मोल नाही.

दार उघडले

मग यावर उपाय निघाला. बाई वर्गात येऊ शकत नाही ना? मग शिकवणारी तिच्या घरी जाईल. १९७० नंतरच्या वर्षांत इंग्लंडच्या पुष्कळ गावांत अशा बाया पुढे आल्या. त्या पगार घेत नसत. आठवड्यातून एकदा घरी येत, मुले खेळत असता जवळ बसत आणि बोलत. चहा करता करता कपाचे नाव, दुधाचे नाव. मग दोघी मिळून दुकानात जात. पैसे मोजताना आकडे येत.

१९७७ साली बीबीसीने आशियाई बायांना इंग्रजीची गोडी लागावी म्हणून दूरचित्रवाणीवर एक मालिका सुरू केली. तिचे नाव काय ठेवले? 'पडोसी'. म्हणजे शेजारी! नाव अगदी नेमके होते.

पुस्तकात नसलेले इंग्रजी

शेजारणीशी बोलू लागले की, पुस्तकात नसलेल्या गोष्टी कळतात. त्यांतल्या काही पाहा.

सकाळी शेजारीण कुंपणावरून विचारते, "यू ऑल राइट?" म्हणजे, तू बरी आहेस ना? नवखी बाई आपल्या गुडघेदुखीची कहाणी सुरू करते. पण तो नुसता रामराम असतो. आपणही वाटेत भेटलेल्याला "काय, जेवलात का?" म्हणतो. तो काही भाजी कोणती होती हे सांगत बसत नाही. "हो, तुमचं झालं का?" म्हणतो आणि पुढे जातो.

वर्गात साडेपाचला 'हाफ पास्ट फाइव्ह' असे शिकवतात. शेजारीण नुसते 'हाफ फाइव्ह' म्हणते. पाचाचे निम्मे म्हणजे अडीच, असे समजून कोणी भर दुपारी दारात उभी राहील!

'टी' म्हणजे चहा, हे सर्वांना ठाऊक. पण इंग्लंडच्या मधल्या आणि उत्तर भागात पुष्कळ घरी संध्याकाळच्या जेवणालाही 'टी' म्हणतात. लेस्टरमध्ये दुकानदारीण गिऱ्हाइकाला 'मी डक' म्हणते. 'डक' म्हणजे बदक. पण रागावू नका. आपण "बाळा", "माझ्या सोन्या" म्हणतो, तसे ते मायेचे बोलणे आहे.

आणखी एक. मराठीत "पाणी द्या" म्हटले की, 'द्या' या शब्दातच मान आला. इंग्रजीत लहानाला आणि थोराला एकच 'यू'. क्रियापदात मान नाही. म्हणून तेथे मागताना 'प्लीज' आणि घेताना 'थँक यू' म्हणावे लागते. ते विसरले, तर मनात काही नसताना माणूस उद्धट ठरतो.

एका शब्दाचे भांडण

नुसत्या सुरामुळे केवढा गैरसमज होतो, याची एक खरी गोष्ट आहे. इंग्लंडातील एका मोठ्या विमानतळावर नोकरांसाठी खाणावळ होती. तेथे भारतातल्या आणि पाकिस्तानातल्या काही बाया वाढण्याच्या कामाला लागल्या. थोड्याच दिवसांत तक्रारी आल्या : या बाया तुसड्या आहेत, नीट बोलत नाहीत. बायांनाही वाटे, हे लोक आपल्याला उगाच पाण्यात पाहतात.

चौकशी केली. कोणी मांसाचे ताट घेतले की, वर रस्सा हवा का, ते विचारायचे असे. रश्श्याला तेथे 'ग्रेव्ही' म्हणतात. इंग्रज बाई सूर वर नेऊन म्हणे, "ग्रेव्ही?" म्हणजे, हवी का? आपल्या बाया सूर खाली आणून म्हणत, "ग्रेव्ही." त्यांच्या मते हेच विचारणे होते. पण इंग्रजाच्या कानाला ते लागे, "ही ग्रेव्ही. घ्यायची तर घे." शब्द एकच. चूकही कोणाची नाही. पण मने कडू झाली.

मग दोघांचे बोलणे यंत्रावर घेऊन सर्वांना ऐकवले. मोकळेपणी चर्चा झाली. तेव्हा बायांच्या ध्यानात आले की, लोक आपल्याशी असे का वागतात. आणि वरिष्ठांच्याही ध्यानात आले की, या बाया उद्धट नाहीत, त्यांची विचारण्याची रीतच तशी आहे. हळूहळू दोन्ही बाजू निवळल्या. ही गोष्ट लिहून ठेवणारे पंडित कोण? कुपवाडचा अभ्यास करणारे तेच गंपर्झ!

यातून एक गोष्ट कळते. शिकायचे ते एकट्या परक्यानेच नाही. ऐकणाऱ्यानेही शिकायचे असते.

आज काय आहे?

इंग्लंड आणि वेल्स या भागाची २०२१ साली शिरगणती झाली. तीत सुमारे आठ लाख ऐंशी हजार माणसांना इंग्रजी नीट बोलता येत नाही, आणि एक लाख एकसष्ट हजारांना मुळीच बोलता येत नाही, असे आढळले. त्यांच्यासाठी पुष्कळ गावांत वाचनालयांत आणि समाजमंदिरांत गप्पांचे मेळे भरतात. फळा नाही, परीक्षा नाही. चहा घ्यायचा आणि गावच्या लोकांशी बोलायचे. कोणी चुकले तरी मध्येच अडवीत नाहीत. बोलणारा आपले वाक्य पुरे करतो, मग समोरचा तेच वाक्य नीट करून सहज म्हणतो.

आपण काय करावे?

तुम्ही म्हणाल, "आम्हाला कुठं विलायतेला जायचंय?" पण कोणाची लेक सुरतेला दिली आहे. कोणी हैदराबादेला कामाला जातो. कोणाचा नातू परदेशी शिकतो. आणि आपल्याच गावी बिहारमधून, ओडिशातून मजूर येतात. त्यांची आई आजारी पडली, तर ती आपल्या डॉक्टरला काय सांगणार?

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट. रोज एका माणसाशी एक वाक्य बोला. दुकानदार, बसचा कंडक्टर, शेजारीण, कोणीही चालेल. वाक्य घरून घोकून न्या.

दुसरी गोष्ट. समजले नाही तर मान हलवू नका. "पुन्हा सांगा, हळू सांगा," हे वाक्य सर्वांत आधी शिका. न समजता 'हो' म्हणणे हे न वाचता अंगठा करण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट. चुकण्याला भिऊ नका. जो चुकत नाही, तो बोलतच नसतो.

चौथी गोष्ट. आपल्या गावी परका आला, तर त्याच्या बोलण्याला हसू नका. त्याच्याशी ओरडून बोलू नका. तो बहिरा नाही. हळू बोला, साधे बोला, आणि त्याला वाक्य पुरे करू द्या.

आमच्या साक्षरतेच्या वर्गात पहिल्या दिवशी सगळे हाताने पाटी झाकून लिहितात. शेजाऱ्याने चूक पाहू नये म्हणून! महिन्याने तीच माणसे पाटी पुढे करतात आणि म्हणतात, "बघा हो, बरोबर आहे का?" ज्या दिवशी पाटीवरचा हात निघतो, त्या दिवसापासून माणूस खरा शिकू लागतो. तोंडावरचा हातही तसाच काढावा लागतो.

सांगा पाहू

१. इंग्लंडात दहा वर्षे राहूनही कामगारांना इंग्रजी का आले नाही?

२. "ग्रेव्ही" या शब्दावरून गैरसमज कसा झाला? तो कसा मिटला?

३. तुमच्या गावात घरी दुसरी भाषा बोलणारे कोण आहेत? त्यांच्या भाषेत "बरं आहे का?" कसे म्हणतात, ते विचारून या आणि पुढच्या वेळी वर्गात सर्वांना सांगा.